धडगावची नावे आणि यवनांची नावे

नाव ही मनुष्याला मिळणारी पहिली देणगी होय. ती मागून मिळत नाही व परतही करता येत नाही. गावाचेही तसेच आहे. गाव बसते, कोणी तरी त्याला हाक मारतो, आणि ती हाक पुढे शेकडो वर्षे टिकते. हाक मारणारे जातात, त्यांची भाषा जाते, राज्य जाते, पण नाव मागे राहते. म्हणून ज्या प्रदेशाचा लेखी इतिहास तुटपुंजा आहे, त्या प्रदेशाची नावे हाच त्याचा पहिला दप्तरखाना असतो. सातपुड्यातील धडगाव हा असा प्रदेश आहे. प्राचीन ग्रीस हा त्याच्या अगदी उलट, म्हणजे लेखांनी गजबजलेला. या दोहोंची नावे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, म्हणजे माणूस नाव कसे देतो, कसे विसरतो आणि विसरल्यावर त्याला नवा अर्थ कसा चिकटवतो, हे आपणांस स्पष्ट दिसेल, असे आम्हांस वाटते.

आरंभीच एक खुलासा करणे इष्ट आहे. सातपुड्यातील भाषा ग्रीकांपासून निघाली किंवा ग्रीक येथे येऊन राहिले, असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. दोन नावांचा ध्वनी जुळला की नाते जुळले, असे मानण्याची खोड फार जुनी आहे, आणि तिच्यापासून दूर राहणे हा या विषयाचा पहिला नियम आहे. आम्ही तुलना करणार ती नाव देण्याच्या रीतीची. जेथे नाते खरोखरच आहे, तेथे ते तसे स्वतंत्रपणे सांगू.

प्रथम धडगावच घेऊ. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेकडील डोंगराळ तालुक्याचे सरकारी नाव अक्राणी, आणि त्याचे मुख्य ठाणे धडगाव. लोक मात्र तालुक्यालाही धडगावच म्हणतात. म्हणजे एकाच मुलखाला कागदावर एक नाव व तोंडी दुसरे. अक्राणी हे नाव अक्काराणी नावाच्या एका राणीशी जोडणारी कथा तिकडे सांगतात. कथा गोड आहे, पण नावाचा उलगडा करण्यासाठी मागाहून रचलेल्या कथा सर्व देशांत अशाच गोड असतात, हे ध्यानात ठेवावे.

येथील नगरपंचायतीचे पूर्ण नाव पाहा: धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक. तीन वस्त्या मिळून हे एक नगर झाले. ग्रीकांनी अशाच रीतीने तीन नगरांच्या समूहाला ‘त्रिपोलिस’ म्हटले. ‘त्रि’ म्हणजे तीन व ‘पोलिस’ म्हणजे नगर. लेबनॉन व लिबिया या दोन्ही देशांत ते नाव आजही नांदते आहे. ग्रीक ‘त्रि’ आणि आपला ‘त्रि’ हे मात्र खरोखरीचे सख्खे भाऊ आहेत. दोन्ही भाषा एका आदिभाषेच्या शाखा असल्यामुळे.

आता त्या तीन नावांत किती थर आहेत ते पाहू. ‘वडफळ्या’ यातील वड तर उघड आहे. फळी किंवा फळ्या म्हणजे गावाचा सुटा पाडा. भिल्ल व पावरा लोकांची गावे आपल्या देशावरील गावांसारखी एकत्र दाटलेली नसतात. आपापल्या शेताजवळ घरे, अशा काही घरांची एक फळी, आणि अशा अनेक फळ्यांचे गाव. गुजरातीत हाच शब्द ‘फळियुं’ असा आहे. ‘रोषमाळ’मधील माळ आपल्या ओळखीचा. आणि शेवटचे ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’ याचे मराठी रूप, म्हणजे मोठे किंवा वडील. त्याचा जोडीदार ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. जेव्हा गावाचे दोन भाग झाले व वसूल वेगळा लिहावा लागला, तेव्हा मुसलमानी अमदानीतील दप्तराने ही विशेषणे महाराष्ट्रभर वाटली. येणेप्रमाणे नगरपंचायतीच्या एका पाटीवर झाडाची, पाड्याची, माळाची आणि फारसी दप्तराची अशी चार प्रकारची साक्ष एकत्र उभी आहे.

याच तालुक्यात तोरणमाळच्या बाजूला ‘सिंदीदिगर’ नावाचे गाव आहे. सिंदी म्हणजे शिंदीचे झाड. ‘दिगर’ हाही फारसी शब्द, अर्थ ‘दुसरे’. बागलाणातील ‘तळवाडे दिगर’ हे नाव ज्यांनी ऐकले असेल त्यांना हे चटकन कळेल. एकाच नावाची दोन गावे झाली की कारकून दुसऱ्याला ‘दिगर’ म्हणजे ‘ते दुसरे’ असे लिही. पुढे तो शब्द नावाचाच अवयव झाला, आणि ज्याला फारसीचा गंध नाही असा माणूसही तो सहज उच्चारतो. अर्थ गेला, नाव राहिले.

झाडांवरून गाव ओळखणे ही जगातील सर्वांत जुनी रीत असावी. इ. स. पू. ४९० मध्ये ज्या मैदानावर अथेन्सच्या लोकांनी इराणी सैन्याचा पराभव केला, त्या मॅरेथॉनचा अर्थ काय? ‘माराथॉन’ म्हणजे बडीशेप. बडीशेपेचे रान ते मॅरेथॉन. आज लांब पल्ल्याच्या शर्यतीला तेच नाव आहे, पण धावणाऱ्याला बडीशेपेची आठवण होत नाही. मॅरेथॉनच्या उत्तरेस ‘ऱ्हाम्नूस’ नावाचे दुसरे गाव होते. ‘ऱ्हाम्नॉस’ हे एक काटेरी झुडूप. त्यावरून ते नाव पडले. आता तोरणमाळ पाहा. तोरण हेही बोरीच्या जातीचे काटेरी झुडूप आहे, व त्याच्यावरून तोरणमाळ हे नाव पडले असे सांगतात. योगायोग असा की, आधुनिक वनस्पतिशास्त्रज्ञांनी बोर व तोरण ज्या कुळात घातली, त्या कुळाला त्यांनी त्याच ग्रीक झुडपावरून ‘ऱ्हाम्नेसी’ असे नाव दिले आहे. सातपुड्यातील माळ व ग्रीसचा समुद्रकिनारा यांना एकाच कुळातील काट्यांनी नाव द्यावे, हे मौजेचे आहे. आणि त्यात गूढ काही नाही. जे डोळ्यांना दिसते व पायाला बोचते, त्यावरून माणूस जागा ओळखतो.

पाण्याचेही तेच. शहादे व चोपडे या दोन्ही तालुक्यांत ‘उनपदेव’ नावाची ठिकाणे आहेत, व दोन्ही ठिकाणी ऊन पाण्याचे झरे आहेत. कोकणात पालीजवळ ‘उन्हेरे’ आहे, तेथेही तसेच. इ. स. पू. ४८० मध्ये स्पार्टाचा राजा लिओनिडास मूठभर लोकांनिशी जेथे लढून पडला, त्या ‘थर्मोपिली’चा अर्थ ‘उष्ण द्वारे’ असा आहे. खिंडीजवळ गरम पाण्याचे झरे होते म्हणून. आणि आमच्या जिल्ह्यातील ‘नवापूर’ घ्या. ग्रीक वसाहतकऱ्यांनी नव्या नगराला ‘नेआपोलिस’ म्हटले. त्यातील ‘नेआ’ आणि आपला ‘नवा’ हे एकच शब्द होत. त्या नावाचे इटलीत नापोली झाले व पॅलेस्टाइनमध्ये नाब्लुस. दोन अडीच हजार वर्षांची ही गावे अद्याप ‘नवी’च आहेत! नाव दिले त्या क्षणी खरे असते, आणि पुढे ते खरे राहण्याची जबाबदारी घेत नाही.

येथपर्यंतची नावे सोपी होती. परंतु सर्व नावे अशी उलगडत नाहीत. ‘कॉरिंथ’ हे नाव कोणत्याही ग्रीक धातूपासून साधत नाही. तशीच ‘न्थ’ व ‘स्स’ या अक्षरांनी संपणारी पुष्कळ नावे: तिरिन्थ, पार्नास्सॉस, क्नोस्सॉस. विद्वानांचे मत असे की, ग्रीक लोक त्या देशात येण्यापूर्वी तेथे जे लोक राहत होते, त्यांच्या भाषेचे हे अवशेष आहेत. ती भाषा मेली, तिचे लोक ग्रीकांत मिसळून गेले, पण डोंगर व नगरे यांनी त्यांचे शब्द सांभाळले. प्रत्यक्ष ‘अथेन्स’ हे नावही त्याच कोटीतले समजतात. ग्रीकांना मात्र आपल्या या नगराचे नाव निरर्थक आहे हे कसे रुचावे? त्यांनी कथा सांगितली की, नगर कोणाचे यासाठी अथीना देवी व समुद्रदेव यांचा वाद झाला, देवीने जैतुनाचे झाड दिले, आणि नगराला तिचे नाव मिळाले.

सातपुड्यातही अशा लुप्त भाषांची शंका घेण्यास आधार आहे. याच पर्वतरांगेत पूर्वेस, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या बाजूला, निहाली नावाची भाषा बोलणारे थोडे लोक आहेत. तिचे नाते संस्कृतोद्भव, द्राविड किंवा मुंडा यांपैकी कोणत्याच कुळाशी निश्चित लागलेले नाही. एक अशी भाषा आजवर जगली, तर दुसऱ्या किती नाहीशा झाल्या असतील! म्हणून सातपुड्यातील प्रत्येक डोंगराचे व नाल्याचे नाव ओढूनताणून संस्कृतात बसविण्यापूर्वी थोडे थांबावे.

अस्तंब्याचे उदाहरण या दृष्टीने मोठे शिकविणारे आहे. या तालुक्यातील १३२५ मीटर उंचीचे हे शिखर अश्वत्थाम्याचे स्थान मानले जाते, व दिवाळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. कपाळीच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा तो चिरंजीव येथे आहे, अशी श्रद्धा आहे. आता अश्वत्थामा या नावाचे प्राकृत होऊन अस्तंबा झाले, ही एक वाट. मूळ डोंगराचे नाव वेगळेच होते, त्याचा ध्वनी महाभारत ऐकलेल्या कानांना अश्वत्थाम्यासारखा लागला, ही दुसरी वाट. निकाल श्रद्धेने लागत नाही व अश्रद्धेनेही लागत नाही. तो जुन्या लेखांतील रूपे व तेथील वृद्धांचे उच्चार गोळा केल्यानेच लागतो. श्रद्धेला मात्र त्यावाचून बाध येत नाही. अथीनेचे देऊळ नावाच्या व्युत्पत्तीवर उभे नव्हते.

दोन्ही मुलखांची प्रत्यक्ष गाठ पडते ती नर्मदेवर. धडगाव तालुक्याची उत्तर सीमा नर्मदा आहे. तेथून ती पश्चिमेस जाते व भडोचजवळ सागराला मिळते. भडोच हे प्राचीन भरुकच्छ. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात ते याच नावाने आले आहे. पहिल्या शतकात ग्रीक खलाशी तेथे उतरत व त्याला ‘बारिगाझा’ म्हणत. ग्रीकाच्या कानाला ‘बारिस’ म्हणजे जड, व ‘गाझा’ म्हणजे खजिना. तेव्हा ‘जड खजिन्याचे बंदर’ असा अर्थ त्याला सहज सुचावा. पण अर्थ तेथे नव्हता. कच्छ म्हणजे पाणथळ काठ. इकडे आपल्या लोकांनीही भरुचे भृगू करून तेथे भृगुऋषींना बसविले. एकाच नावाला दोन्हीकडून असे अलंकार चढत असतात.

नर्मदेला दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी ‘नामादोस’ म्हणतो. यात रकार कोठे गेला? संस्कृत नर्मदा, म्हणजे नर्म अर्थात आनंद देणारी. प्राकृतात तिची ‘नम्मदा’ होते. परदेशी माणसाने नाव पोथीतून घेतले नाही, नावाड्याच्या तोंडून घेतले, हे त्या एका गळलेल्या रकाराने सिद्ध होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नावाच्या खलाशी मार्गदर्शकाचा अज्ञात कर्ता तर आमच्या देशाला ‘दाखिनाबादेस’, म्हणजे दक्षिणापथ, असे नाव देऊन पुढे खुलासा करतो की, येथील लोकांच्या भाषेत ‘दाखानोस’ म्हणजे दक्षिण दिशा. आपल्या प्रदेशाच्या नावाचा अर्थ कोणा परक्याने विचारून लिहून ठेवल्याचे हे फार जुने उदाहरण आहे, व त्याबद्दल त्या अनामिकाचे आपण ऋणी आहोत.

आता माणसांच्या नावांकडे वळू. ग्रीकांची नावे बहुधा आपल्या संस्कृत नावांसारखी सामासिक असत. फिलिप्पॉस म्हणजे अश्वप्रिय. त्यातील ‘हिप्पॉस’ आणि आपला ‘अश्व’ एकाच मुळाचे. म्हणजे फिलिप व अश्वत्थामा हे नावापुरते भाऊबंद ठरतात. पेरिक्लीस याच्या शेवटी जो ‘क्लीस’ आहे तो कीर्तिवाचक शब्द, आणि सुश्रवस् यातील ‘श्रवस्’ त्याचाच भाऊ. थिओडोरॉस म्हणजे देवदत्त. येथे मात्र जपावे. ‘थेऑस’ व ‘देव’ हे दिसायला सारखे, पण मुळाने निराळे. उलट ‘डोरॉस’ व ‘दत्त’ दिसायला निराळे, पण दोहोंचे मूळ ‘दा’ हाच धातू. नर्मदेतील ‘दा’ तोच. ध्वनीवर का विसंबू नये, हे यावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

हे यवन येथे आले तेव्हा त्यांच्या नावांचे काय झाले? ‘यवन’ हा शब्दच आयोनिया या ग्रीक प्रांताच्या नावावरून इराणमार्गे आला. ‘ग्रीक’ हे तर रोमन लोकांनी दिलेले नाव. ते स्वतःला हेलेनीस म्हणवीत. विदिशेस गरुडस्तंभ उभारणारा हेलिओडोरॉस, म्हणजे सूर्यदत्त, याने आपले नाव सोडले नाही. परंतु नाशिकच्या लेण्यात दान देणारा उत्तरेकडचा यवन आपले नाव इंद्राग्निदत्त सांगतो, बापाचे धर्मदेव सांगतो, व गाव दात्तामित्री. या गावाच्या नावात डिमीट्रिऑस हा ग्रीक राजा लपला आहे असे विद्वान मानतात. आपल्या कानांना मात्र तेथे ‘दत्त’ व ‘मित्र’ ऐकू येतात. मेनान्द्रॉस राजाची गोष्ट सर्वांत सुंदर. त्याची नाणी पहिल्या शतकातही भडोचच्या बाजारात चालत, असे पेरिप्लसचा कर्ता लिहितो. बौद्ध वाङ्मयाने त्याला मिलिंद केले. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा असाही शब्द आहे, म्हणून ते नाव परके वाटेना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उभारलेल्या महाविद्यालयास तेच नाव लाभले, आणि आज घरोघरी मिलिंद आहेत. तसाच अलेक्झांड्रॉस, ‘जनांचा रक्षक’, इराण-अरबस्तानातून फिरून सिकंदर होऊन आला.

धडगावच्या पाड्यांवर नाव देण्याची आणखी एक रीत आहे. मूल ज्या वारी जन्मले, त्या वाराचे नाव त्याला मिळते. रविवारचा दित्या, सोमवारचा सोम्या, मंगळवारची मंगळी, बुधवारचा बुध्या, शुक्रवारचा सुकऱ्या आणि शनिवारचा थावऱ्या किंवा थावरी. शहरातील माणूस ही नावे ऐकून हसतो. पण दित्या म्हणजे आदित्य होय; शहरात जो आदित्य फॅशन म्हणून ठेवतात, तोच. आणि थावर हा तर मोठा मोलाचा शब्द. तो ‘स्थावर’ यापासून आला. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत शनी हा सर्वांत मंद चालणारा, म्हणून संस्कृतात शनैश्चर, व लोकभाषेत जागचा न हलणारा तो स्थावर. राजस्थानात आजही शनिवारला थावर म्हणतात. आपल्या प्रमाण मराठीने जो शब्द टाकला तो सातपुड्याने मुलाबाळांच्या नावांत जपला. ग्रीकांतही अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राच्या दिवशी जन्मलेल्यास ‘नूमेनिऑस’ म्हणत. त्यात कोणास गावंढळपणा वाटला नाही.

आडनावाची कथा याहून महत्त्वाची आहे. अथेन्सचा नागरिक आपले नाव तीन पदांनी सांगे: पेरिक्लीस, झान्थिप्पॉसचा मुलगा, खोलार्गॉस गावचा. इ. स. पू. ५०८ च्या सुमारास क्लैस्थेनीसने गावांवर आधारलेली नवी राज्यव्यवस्था केली, तिचा हा परिणाम. आपले नाव, बापाचे नाव व ‘कर’ लावून गाव, ही महाराष्ट्रातील रीत याच साच्याची. पावरा समाजात मात्र ओळख कुळावर आहे: खर्ते, दुडवे, जमरे, बामण्या इत्यादी. एका कुळात लग्न होत नाही. असे असता पुष्कळांच्या नावापुढे कागदोपत्री नुसते ‘पावरा’ असे जमातीचेच नाव लागले. परिणाम असा की, वर्गातील बहुतेक मुले ‘पावरा’, आणि वधूवर दोघेही ‘पावरा’. परक्यास वाटते हे एकाच घराण्यातील. कुळ जे सांगत होते ते आडनाव सांगेनासे झाले. शाळेच्या पटावर दित्याचा दिनेश झाला म्हणजे वारही गेला. स्वतःच्या खुशीने नाव बदलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. इंद्राग्निदत्ताने तो बजावला. पण उच्चार कठीण वाटला, किंवा नाव हलके वाटले, म्हणून दुसऱ्याने ते बदलणे, हा अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि गावांचे काय? सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. धरण २०१७ मध्ये राष्ट्रास अर्पण झाले, व २०१९ मध्ये पाणी १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पोचले. गावाचे नाव सरकारी यादीत राहते. परंतु गावाच्या पोटात जी शेकडो लहान नावे असतात, म्हणजे फळ्यांची, ओहोळांची, खडकांची, उताराची, शेताच्या तुकड्यांची, ती कोणत्याही यादीत नसतात. ती माणसांच्या जिभेवरच असतात. माणसे सपाटीच्या वसाहतीत गेली, जमीन पाण्यात गेली, म्हणजे त्या नावांना बोट दाखविण्यास जागाच उरत नाही. आजोबा आहेत तोवर ती नावे आहेत.

म्हणून काम तातडीचे आहे, व ते फार खर्चाचे नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी नामांच्या व्युत्पत्तीचा कोश रचला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यास, धडगावपासून एका दिवसाच्या आत, उभे आहे. वाट त्यांनी घालून दिलेली आहे. प्रत्येक शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांनी आपल्या फळीतील वडीलधाऱ्यांना विचारावे व वहीत लिहावे. नाव जसे उच्चारतात तसेच लिहावे, सुधारून नव्हे. सांगणाराने अर्थ सांगितला तर तो वेगळ्या रकान्यात लिहावा, कारण नाव हा पुरावा आहे व अर्थ हे मत आहे. जागेची खूण लिहावी: झाड, पाणी, दगड, देव. बुडालेल्या जागेचीही लिहावी. कथा सांगितली तर तीही लिहावी. कथा नावाचे मूळ सांगत नसेल, पण ती सांगणाऱ्यांचे मन सांगते. व्युत्पत्ती लावण्याची घाई करू नये. ते काम पन्नास वर्षांनंतरही कोणी करील. नावे मात्र पन्नास वर्षे थांबणार नाहीत.

पेरिप्लसच्या त्या अनामिक खलाशाने एका किनारी माणसाला विचारले की, या शब्दाचा अर्थ काय, आणि उत्तर मिळाले तसे लिहून ठेवले. त्याला पदवी नव्हती, त्याच्यापाशी कोश नव्हता. तेवढेच आपण धडगावात जाऊन, किंवा त्याहून बरे म्हणजे धडगावच्या मुलांनी आपल्या घरी बसून, केले तरी पुरे आहे.